सासूच्या पलंगाचं फाटक

शेजारच्या लॅथमचा मेंढा क्लेमच्या फाटकात शिंगं अडकवून बसला होता, आणि लॅथम यायच्या आत त्याला सोडवायचं म्हणून क्लेमची तारांबळ उडाली होती. फाटक म्हणजे सासूबाईंच्या जुन्या लोखंडी पलंगाची उशाकडची बाजू. त्या मुलखात पलंग मोडला की त्याचं रानात फाटक होतं.

क्लेम गावच्या आग विझवणाऱ्या टोळीचा कॅप्टन. परवाच हॉलमध्ये त्याने लोखंड कापायचं बॅटरीचं कटर हातात नाचवत भाषण ठोकलं होतं. डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट, गज पक्का आवळलेला, गवत काढून जमीन ओली, आणि पाणी घेऊन एक माणूस जवळ. आता तोच कॅप्टन चपला घालून, चष्मा कपाळावर चढवून वाळल्या गवतात उभा होता.

"आरं, आधी पाणी तरी मार," बायको बेरिल म्हणाली.

"एक गज कापायला कशाला पाणी?"

"परवा घसा फोडून कोण सांगत हुतं?"

"ते लोकांसाठी हुतं गं. मला कळतंय समदं."

"तुला कळतंय म्हणूनच भ्या वाटतंय," म्हणत बेरिल पाण्याची टाकी बसवलेली गाडी आणायला घराकडे धावली.

क्लेमने बटण दाबलं. सैल फाटक थरथरलं, पातं गजात अडकलं, कटरने हाताला हिसका दिला आणि ठिणग्यांचा फवारा गवतात पडला. उत्तरेचा तापलेला वारा होताच. बघता बघता जाळ लॅथमच्या कापणीला आलेल्या गव्हाच्या दिशेने पळाला.

शेजाऱ्याचं अख्ख्या वर्षाचं पीक! क्लेमने अंगातला सदरा काढून जाळ झोडपायला सुरुवात केली. पायांना चटके बसत होते आणि चपला वितळत होत्या.

बेरिलने गाडी आणली, पंप चालू केला आणि वायरलेसवर हाक दिली, "आग लागलीया! लवकर या!"

"कुठं?" लॅथमचा आवाज.

"आमच्याच रानात."

"लावली कुणी?"

बेरिलने नवऱ्याकडे पाहिलं. सगळा मुलूख कान लावून होता. "कॅप्टननं," ती म्हणाली.

बेरिलच्या पाण्याने लॅथमच्या कुंपणापाशी जाळ विझला. गहू वाचला. काळाठिक्कर, उघडाबंब क्लेम धापा टाकत बसला. डोळ्यांत आलेलं पाणी धुराचं होतं असं तो आजही सांगतो, पण ते धुराचं नव्हतं. लॅथम आला, जळल्या पट्ट्याकडे बघून म्हणाला, "कॅप्टन, माझा मेंढा कुठाय?"

मेंढा गव्हात उभा राहून चरत होता. एवढ्या गडबडीत त्याने मान जरा तिरकी केली आणि शिंगं आपणच काढून घेतली होती.

पुढच्या सभेला हॉल गच्च भरला. लॅथमने ते फाटक उचलून आणलं आणि टेबलावर मांडलं.

"कॅप्टन, आता नीट दाखवा. गज कसा कापायचा?"

क्लेमने खाकरून घसा साफ केला आणि कटर बेरिलच्या हातात दिलं. तिने फाटक आवळून बसवलं, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मागे वळून न बघता विचारलं, "पाण्याजवळ कोण हाय?"

"मी हाय की," बादली धरून उभा असलेला कॅप्टन म्हणाला. पायांत नवे बूट होते.