नवरदेवाचा सूट आणि ऐटीत दिलेलं चुकीचं उत्तर

नवरदेव सकाळपासून आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर हाफपँटमध्ये उभा, आणि लग्न संध्याकाळी! सूट धुऊन, इस्त्री होऊन वर छताखाली लटकत होता. पण कुठे, ते फक्त कॉम्प्युटरमधल्या डेटाबेसला ठाऊक. त्याने हुकाचा नंबर सांगायचा, मग छताची साखळी फिरणार, मग कपडा खाली येणार. आणि डेटाबेस तोंड शिवून बसलेला.

"वर चढून शोध की!" ताई माझ्यावर खेकसली. दुकान तिचं, मशिनं माझ्या गळ्यात.

"ताई, सगळे सूट काळे, सगळ्या पिशव्या पांढऱ्या. शोधेपर्यंत ह्याची पोरं शाळेत जातील."

"मग कंपनीला फोन लाव!"

"लावला. त्यांचा माणूस सोमवारी येणार. तोवर कशाला हात लावायचा नाही म्हणे."

"सोमवारी मी हनिमूनला असेन," नवरदेव म्हणाला. मग हाफपँटकडे बघत, "किंवा नसेन."

हा डेटाबेस वापरणाऱ्यांचा नेटवर एक ग्रुप आहे. कुणी बँकेतलं, कुणी हॉस्पिटलातलं, कुणी रिटायर होऊनही खाज न गेलेलं. पगार कुणालाच नाही. तिथे मी अदबीने मदत मागितली. शुकशुकाट.

पण ह्या मंडळींची खोड मला पाठ आहे. मदत मागा, ढिम्म हलणार नाहीत. चुकीचं बोला, ताटावरून उठून धावत येतील. मी दुसऱ्या नावाने आत शिरलो आणि स्वतःलाच ऐटीत उत्तर दिलं, "सोपं आहे. लॉगच्या सगळ्या फाइली डिलीट कर. मी दर शुक्रवारी करतो."

मोहोळच उठलं!

"खबरदार! डेटाबेस कायमचा झोपेल!"

"दर शुक्रवारी? ह्याला नोकरी कुणी दिली?"

"लाँड्रीवाल्या, त्या येड्याचं ऐकू नकोस. आधी बघ, कोण कुणासाठी अडलंय." ह्या आमच्या ग्रुपच्या मावशी. त्यांनी एक ओळ लिहून दिली. मी ती चालवली आणि आलेलं उत्तर तसंच त्यांना चिकटवलं.

"हं," मावशींनी लिहिलं. "एका गिऱ्हाइकाची माहिती कुणीतरी बदलायला घेतली आणि अर्धवट सोडली. बाकी सगळं त्याच्यामागे खोळंबलंय. काउंटरच्या कॉम्प्युटरवर कोण बसतं?"

मी ताईकडे पाहिलं. ताईने छताकडे पाहिलं.

"मी फक्त ह्याच्या नावापुढे 'कटकट्या' असा शेरा मारत होते," ती पुटपुटली. "तेवढ्यात हाच समोर टपकला! मग सेव्ह कशी करणार? खिडकी तशीच झाकून टाकली."

"कटकट्या?" नवरदेव किंचाळला.

"आता खोडते ना, भाऊ!"

तिने खोडलं आणि सेव्ह केलं. साखळी कुरकुरली, हलली, गरागरा फिरली, आणि सूट ऐटीत खाली आला. नवरदेवाने पडद्याआड जाऊन तो चढवला. मी ग्रुपला लोटांगण घातलं.

"तो शुक्रवारवाला येडा तूच ना?" मावशी. "भेटलास तर कान उपटीन. आता नवरदेव दाखव."

मी फोटो टाकला. झालं! पुन्हा मोहोळ.

"कोटाचं बटण एक घर चुकलंय!"

"टाय कॉलरच्या वरून कोण बांधतं?"

"बूट कुठायत?"

नवरदेवाने खाली पाहिलं. पायात रबरी चपला. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. लाँड्रीवाल्याने आपलेच बूट काढून द्यावेत, ह्यावर ग्रुपच्या आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत झालं, आणि ताई माझ्या बुटांच्या लेस सोडायला खाली बसलीसुद्धा.