दाराखाली मी दोनदा पडलो

मी एक जुना लोहचुंबक आहे, आणि मित्रांनो, मला माणसाच्या तळहाताची किळस येते. असं बोलणं बरं नव्हे, हे मला कळतं. पण आधी माझी हकिकत ऐका, मग काय ते ठरवा.

माझं लहानपण एका लाऊडस्पीकरच्या पोटात गेलं. कबनूरच्या एका यंत्रमागांच्या शेडमध्ये तो टांगलेला असे. मागांच्या खडखडाटात त्याची गाणी कुणाला धड ऐकू येत नसत, तरी तो दिवसभर ओरडायचा. शेवटी तो फाटला. तेव्हा कृष्णात आणि संघर्ष या दोन शाळकरी मित्रांनी तो फोडून मला बाहेर काढलं.

पुढे संघर्ष इंजिनिअर होऊन नागपूरला गेला आणि कृष्णातने कोल्हापुरात, उद्यमनगरात गॅरेज टाकलं. माझा उपयोग त्याला संघर्षनेच शिकवला. जुन्या गाडीच्या अंगावरून चुंबक फिरवायचा. पत्रा असेल तिथे तो चिकटतो. ठोकलेल्या जागी पुट्टी भरून वरून रंग मारला असेल, तिथे तो घसरून पडतो. मला रुमालात गुंडाळून कृष्णातने शेकडो गाड्या तपासल्या. गाडी घ्यायची असली की लांबलांबची माणसं त्याला फोन करून बघायला पाठवत. ‘कृष्णातचा चुंबक’ म्हणून माझं नाव झालं. तेव्हा मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

२००४ साली संघर्षचा फोन आला. गडहिंग्लजच्या हंबीररावांकडे लाल रंगाची, बसकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार विकायला होती. अशी गाडी संघर्षने लहानपणी फक्त वहीच्या पुठ्ठ्यावर पाहिली होती. हंबीररावांनी सायबर कॅफेतून पाठवलेले तिचे फोटो तो रोज उघडून बघे. रजा मिळत नव्हती. एकदाच यायचं, बायकोला, अक्षताला, शेजारी बसवायचं आणि गाडी थेट नागपूरपर्यंत चालवत न्यायची, असं त्याने ठरवलं होतं. तू हो म्हणालास तरच मी येतो, असं त्याने कृष्णातला सांगितलं.

आम्ही गडहिंग्लजला गेलो. गाडीवरचं कापड काढण्याआधीच हंबीररावांनी कृष्णातला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि जेवायला बसवलं. मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. वाटी रिकामी होऊ दिली नाही. हात धुऊनही तेलकट राहिलेल्या बोटांनी त्याने मला खिशातून काढलं. बॉनेटवर मी चिकटलो. दारावर चिकटलो. दाराखालच्या पट्टीवर मात्र घसरलो आणि अंगणात पडलो. त्याने मला दुसऱ्या बाजूला लावलं, तिथेही पडलो. नुसती पुट्टी होती तिथे. याहून मी आणखी कसं सांगणार? आता आतली मॅट उचलून खालचा पत्रा बघायला हवा होता. कृष्णात वाकलाही.

“पावणं, चुंबक म्हातारा झाला की तुमचा,” हंबीरराव म्हणाले. “दम न्हाय ऱ्हायला त्याच्यात.”

सगळे हसले. कृष्णातही हसला, सरळ उभा राहिला आणि मला खिशात टाकून फेटा सावरू लागला. त्याने पैसे घेतले असते तर निदान चोर म्हणता आलं असतं. त्याने दमडीसुद्धा घेतली नाही. ज्याने मान दिला त्याच्या दारात वाईट बोलायला त्याची जीभ रेटेना, एवढंच.

गॅरेजवर आल्यावर तरी तो खरं बोलेल, असं मला वाटलं होतं. त्याने नागपूरला फोन लावला.

“गाडी एक नंबर हाय. डोळं झाकून घे.”

संघर्षने तशीच घेतली. सोलापूर रस्त्याला एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मधोमध उसवली. पुढची अर्धी एका गाडीची होती, मागची अर्धी दुसरीची, आणि जोड पुट्टीखाली लपवला होता. गाडी झाडावर गेली. संघर्षचं खरचटण्यावर निभावलं. अक्षताचा डावा पाय तीन ठिकाणी मोडला.

चार महिन्यांनी संघर्ष गॅरेजमध्ये आला. अक्षता बाहेर रिक्षातच बसून राहिली, तिला अजून उतरता येत नव्हतं. कृष्णात स्टूल पुसायला लागला. संघर्ष बसला नाही.

“चुंबक लावलतास?” त्याने विचारलं.

“लावलता.”

“दाराखाली?”

“व्हय.”

“चिकटला?”

कृष्णातने स्टूलावरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं. “न्हाय,” तो म्हणाला.

“मग फोनवर तेवढंच सांगायचं हुतंस की.”

संघर्ष रिक्षात जाऊन बसला. तो पुन्हा कधी आला नाही, त्याचा फोनही आला नाही.

त्यानंतर कृष्णातने मला गंजक्या नटबोल्टांच्या डब्यात टाकलं. माझ्या अंगावर लोखंडाचा कीस दाढीसारखा वाढला आहे आणि वरून जळकं ऑइल ठिबकतं. गिऱ्हाइकांनी माझी चौकशी केली की तो सांगतो, चुंबक म्हातारा झाला, दम राहिला नाही त्याच्यात. मी मात्र डब्याच्या बुडाला असा चिकटलोय की डबा उलटा केला तरी सुटणार नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, जपा, असं मी म्हणणार नाही. मला आता कुणाचा हात लागायलाच नको. पण लांब राहणारं कुणी तुम्हाला म्हणालं, जरा बघून सांग, तर नीट बघा आणि दिसेल ते सांगा. तेवढं जमणार नसेल, तर त्याचा फोन उचलू नका.