अभ्यासिका म्हणे!

मी खोली बोलतेय. साहेबांच्या घरातली, अगदी मागची. दारावर पितळी पाटी आहे, ‘साहेबांची अभ्यासिका’. तिच्यावर विश्वास ठेवू नका. धडधडीत खोटी आहे. साहेब माझ्यात पुस्तक घेऊन अर्धा ताससुद्धा बसले नाहीत.

साहेबांच्या वडिलांनी घराला मागून भिंती वाढवल्या, वर पत्रे टाकले, अशी मी झाले. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देण्याचा त्यांचा धंदा. ते गेले तेव्हा थोरली मुलगी सोळा वर्षांची, धाकटा, म्हणजे हेच साहेब, नऊचा. तिनं इस्त्री उचलली. कोळशाची, लोखंडी, मनगट मोडणारी. त्या दिवसापासून ती सगळ्या गल्लीची ताई झाली.

ताईला शाळा मिळालीच नाही. कपडे गुंडाळायला रद्दीतली वर्तमानपत्रं यायची, त्यांवर ती वाचायला शिकली. आधी मोठे मथळे, मग बारीक मजकूर. बातमी कधी अर्धीच असायची. उरलेली कुणाच्या तरी पँटबरोबर गेलेली. मग पुढचं ताई स्वतः रचायची आणि धाकट्याला ऐकवायची. त्याचं पहिलं भाषण माझ्यातच झालं. श्रोते म्हणजे ताई आणि दोरीवरचे अठ्ठावीस शर्ट.

“कसं झालं, ताई?”

“इतकं भरभर काय बोलतोस? लोक पळून चाललेत का?”

“आणि मुद्दे?”

“मुद्दे माझेच आहेत. चांगलेच असणार.”

तो मोठा झाला, मंत्री झाला. कामंही केली, नाही म्हणत नाही. पण मुलाखतीत हटकून म्हणायचा, “मी स्वतःच घडलो.” स्वतःच! अरे, तुझ्या शर्टाची घडीसुद्धा ताईनं घातलेली!

तो गेल्यावर घराचं स्मारक झालं. समितीनं इस्त्री अडगळीत टाकली आणि टेबलावर जाडजूड पुस्तकं मांडली. त्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. टेबलावर एक जळका डाग आहे, पुढे निमुळता, मागे रुंद. माहिती सांगणाऱ्या बाई त्यावर बोट ठेवून सांगायच्या, “हा साहेबांच्या कंदिलाचा डाग. वाचताना त्यांना भानच राहत नसे.” आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं माना डोलवायची! जन्मात कुणी इस्त्री हातात धरली नव्हती वाटतं.

मागच्या महिन्यात ताई आली. ब्याऐंशी वर्षांची. समितीच्या अध्यक्षांनीच बोलावलं होतं. प्रत्येक खोलीची माहिती खरी आहे, अशी घरातल्या हयात माणसाची सही त्यांना हवी होती. ताईनं आधी डागाची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली.

“बाई, तुमच्याकडे कंदील त्रिकोणी असतो का हो?”

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. “आजी, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? साहेबांचा मान तो तुमचाच मान.”

“मग मलाच द्या की. पाटीवर ‘ताईची इस्त्रीची खोली’ लिहा, आत्ता सही करते.”

“लोकांना काय सांगायचं? मंत्र्याची बहीण इस्त्री करायची?”

“का? चुरगळलेला मंत्री चालला असता?”

तिनं पेन ओढून घेतलं, ‘अभ्यासिका’वर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘इथे मी एकतीस वर्षं इस्त्री केली. वाचायला इथेच शिकले. भावालाही शिकवलं.’ एकेक अक्षर सुटं, ठसठशीत, वर्तमानपत्रातल्यासारखं. छापील अक्षरांशिवाय दुसरी तिनं पाहिली होती कुठे? खाली सही केली.

अध्यक्षांनी कागद कोंबला खिशात. दुसऱ्या दिवशी मला कुलूप लागलं. बाहेर फलक, ‘दुरुस्तीसाठी बंद’. एक खिळासुद्धा ठोकलेला नाही कुणी! ताई दोनदा येऊन बंद दारावरूनच परत गेली. काठी टेकत येते ती. आणखी किती फेऱ्या मारेल?

म्हणून तुम्हाला सांगतेय. घर बघायला आलात तर तिकीटखिडकीवर विचारा, “ताईची खोली कुठे आहे?” मोठ्यानं विचारा. अशी खोलीच नाही म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. मला दुरुस्ती नको, पाटी दुरुस्त करा. आणि ती ताईच्या डोळ्यांदेखत करा. तिच्या फोटोला हार घालून केलेली मला चालणार नाही.