चार हातांवरची आई

बाजाराच्या दिवशी राजेश्री पोरीचा विसरलेला डबा द्यायला ताडकळसच्या शाळेत गेली, तर वर्गाच्या मॅडमनी तिला दारातच गाठलं. म्हणाल्या, "माधवीला फळ्यावरचं दिसत नाही. शेजारच्या नीलमच्या वहीत बघून लिहिते. डोळे तपासून घ्या."

"नाटकं करायलीय ती, मॅडम. मोबाईलवरचं बारीक अक्षर वाचती की."

"तेच तर. जवळचं दिसतं, लांबचं नाही. कोरोनात दोन वर्षं लेकरं मोबाईलला नाक लावून घरात बसली, उन्हात आलीच नाहीत. वर्गात अशी बरीच पोरं आहेत."

हे राजेश्रीला लय झोंबलं. कारण कोरोनात गल्लीत लेकरू सांभाळावं तर तिनंच, असा तिचा तोरा. शेजारचे माणिकराव दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हापासून तिनं दाराला कडी लावली ती लावलीच. शाळा मोबाईलवर, खेळ मोबाईलवर, अंगणाचं नाव काढायचं नाही. पुढं कोरोना गेला, शाळा उघडल्या, पण मोबाईल काही पोरीच्या हातातून सुटला नाही. पोरगी डोळ्यांपुढं तरी हाय, म्हणून राजेश्री निवांत. आणि चष्मा एकदा लागला की नंबर वाढतच जातो, हे सासूनं, मालनबाईनं, ठासून सांगितलेलं. झालं मग, कोण जातंय डॉक्टरकडं.

तरी दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळा सुटल्यावर माधवीनं बाजारात मिरचीवाल्याच्या पालापाशी यायचं ठरलेलं. पाठीला दप्तर लावून गर्दीतून पोरगी येताना दिसली. राजेश्रीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बघू तरी, किती लांबून ओळखती.

माधवीनं डोळे बारीक करून सरळ तिच्याकडं बघितलं, आणि नजर पुढं गेली. राजेश्रीनं हात हलवला. पोरगी मागं वळून बघायला लागली, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत असं वाटून. तेवढ्यात एक मोटारसायकल तिला घासून गेली. राजेश्री हातातली पिशवी टाकून पुढं झाली.

चार हातांवर येऊन माधवी थांबली. परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाली, "मावशी, माजी आई दिसली का इथं? साडीवर निळा सदरा असतो तिच्या अंगात, रानातून येती ती."

आज बाजार म्हणून सदरा घरी ठेवून राजेश्री धुतलेल्या साडीत आलेली. म्हणजे रोज ही पोरगी सदऱ्याकडं बघून पळत येती, माजं तोंड हिला दिसतच नाही. आंधळं व्हायलंय का माजं लेकरू? आपल्याच हातानं कडी लावली आपण. हुंदका बाहेर पडू नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

माधवीनं जरा वेळ वाट बघितली. "बरं, असू द्या," म्हणाली, आणि शेजारी भाजी घेणाऱ्या बाईला विचारायला गेली.