कंसातला मार्टिन

कार्डाच्या कडेला लोण्याच्या बोटाचा डाग होता आणि तो नोराचाच असणार – कारण पोस्टमनने टाकल्यापासून गेले नऊ दिवस ते मतदानाचं कार्ड स्वयंपाकघरात चहाच्या किटलीला टेकून उभं होतं, आणि नोरा येता-जाता ते उचलून बघत होती. स्वतःचं नव्हे, वृंदाचं. स्वतःचं कार्ड तिने कुठल्याशा खणात कोंबलं होतं. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला त्याचं काय कौतुक? पण आपल्या घरातल्या मुलीला, तेही पुण्याहून या आयरिश गावात आलेल्या मुलीला, कौन्सिलच्या निवडणुकीत मत आहे – इथे राहता ना, मग झालं, नागरिक असायची गरज नाही – हे तिने खाटकाला, फादरना आणि कासलबारच्या हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या डॉक्टरलासुद्धा सांगून झालं होतं.

‘वृंदा मोरेश्वर साबळे.’ वृंदाने स्वतःचंच नाव पुन्हा वाचलं आणि पाव कापणाऱ्या नोराच्या पाठीकडे पाहिलं. आज तरी सांगायला हवं... आज शुक्रवार. दगड रविवारी बसणार.

दगड म्हणजे खरोखरीचा दगड. मागच्या शेडमध्ये, जुन्या पडद्याखाली, कोरून तयार. ‘पॅट्रिक जॉन गिबन्स. त्याने मत दिलं आणि घर गमावलं.’ पॅट्रिक हा नोराचा खापरपणजोबा, आणि त्याची गोष्ट या घरात चहाबरोबर मिळते. वृंदा भाड्याने राहायला आली त्याच संध्याकाळी तिने ती ऐकली होती, त्यानंतर निदान वीस वेळा. दीडशेहून जास्त वर्षं झाली त्याला. तेव्हा मत गुपचूप द्यायचं नसे. सगळ्यांसमोर, जमीनदाराच्या कारभाऱ्यासमोर, मोठ्याने नाव सांगायचं आणि कुणाला मत ते सांगायचं. पॅट्रिक पायी कासलबारला गेला, जमीनदाराच्या माणसाविरुद्ध मत दिलं, आणि पुढच्या वसंतात कारभाऱ्याने छप्पर उतरवून त्याला बायकापोरांसह रस्त्यावर काढलं. “तुझा हा पॅट्रिक म्हणजे आमच्याकडचं कूळ,” वृंदा तेव्हा म्हणाली होती, आणि मग समजावत बसली – दुसऱ्याची जमीन कसणारा तो कूळ, आणि घराणं तेही कूळच. माझे पणजोबा कूळ होते, कायदा आला तेव्हा जमीन त्यांच्या नावावर लागली. नोराने दोन्ही हात टेबलावर आपटले. दोन्हींना एकच शब्द? “मग तू माझ्या घरात भाड्याने राहतेस, म्हणजे तू माझं कूल!” तेव्हापासून ती वृंदाला कूल म्हणते. लांब ‘ऊ’, आणि ‘ळ’ची वाट लावून.

आणि या प्रेमळ बाईला आता सांगायचं, की बाई गं, तुझा दगड चुकला.

चूक बारीक होती. मंगळवारी गावच्या इतिहासमंडळासाठी – म्हणजे नोरा आणि तिच्या दोन मैत्रिणी – वृंदा जुन्या मोजणीची पुस्तकं संगणकावर बघत होती. सरकारने प्रत्येक कुळाच्या जमिनीचं आणि घराचं मोल ठरवलं होतं. बारा पौंड भरलं तर मत, नाहीतर नाही. नोराच्या वाडीत पॅट्रिक गिबन्स दोन. एकापुढे कंसात जॉन, मोल साडेबारा पौंड. दुसऱ्यापुढे कंसात मार्टिन, अकरा पौंड पंधरा शिलिंग. मंडळाने आधीच ठरवून टाकलं होतं, कंसातलं ते त्याचंच दुसरं नाव. मत दिलं म्हणजे आपला तो साडेबारावाला, पॅट्रिक जॉन. मिटलं! पण वृंदाने तो कंस पाहिला आणि तिला हसूच आलं. एका नावाची दोन माणसं असली की तलाठी काय करतो? बापाचं नाव घालतो. बाबांची सगळी नोकरी त्यात गेली, वाई तालुक्यात... लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून सातबारे वाचायचे, आणि ते बोटाने मधलं नाव दाखवायचे – हे धरून ठेव, हे सुटलं की माणूस सुटला.

मग हसू गेलं. कारण नोराच्या प्रेसमध्ये – कपाटाला इथे प्रेस म्हणतात – कपबशांच्या मागे एक प्रार्थनेचं पुस्तक आहे, आणि त्याच्या पहिल्या पानावर शाईने लिहिलंय, पॅट्रिक, मार्टिनचा मुलगा. नोराचा पॅट्रिक मार्टिनचा. अकरा पौंड पंधरा शिलिंगवाला. पाच शिलिंग कमी, एखादा गोठा जास्त असता तरी भागलं असतं... त्याला मतच नव्हतं.

तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण बापाचीच लेक, तिने पुढच्या वर्षांची दुरुस्तीची पुस्तकं उघडली. पॅट्रिक, कंसात जॉन – जसाच्या तसा, पुढे तीस वर्षं त्याच जमिनीवर. पॅट्रिक, कंसात मार्टिन – निवडणुकीनंतरच्याच वर्षी अख्खी ओळ लाल शाईने खोडलेली.

ज्याने मत दिलं तो राहिला. ज्याला मत नव्हतं तो गेला.

तीन दिवस ती लाल रेघ वृंदाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. कारभाऱ्याने नुसतं ‘पॅट्रिक गिबन्स’ ऐकलं आणि चुकीच्या दारात उभा राहिला? की मताशी काही संबंधच नव्हता, मेंढ्यांसाठी रान हवं होतं? आणि चूकच झाली असेल तर... छप्पर उतरत असताना हा माणूस बोलला का नाही, की तुम्हाला हवा तो मी नाही, तो पलीकडचा? बोलला आणि कुणी ऐकलं नाही? की शेजाऱ्याच्या चुलीकडे एकदा बघितलं आणि गप्प राहिला...

काल तिने बाबांना फोन केला होता. “नोंदीला घाई नसते गं,” ते म्हणाले. “दीडशे वर्षं थांबलीये ती. तुझी म्हातारी थांबेल का, ते बघ.” मग खोकले, आणि विचारलं की थंडी आहे का अजून. जूनमध्ये! वृंदाला एकदम त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं होतं.

“चल गं कूल,” नोरा म्हणाली. तिने चर्चचा निळा कोट घातला होता. “पॅट्रिकच्या नावाने आज पहिलं मत तुझं. तो वरून बघत असेल.”

“नोरा, मला तुला एक...”

“गाडीत सांग.”

गाडीत नोराच बोलत राहिली. कोण उमेदवार बरा, कुणाच्या आईने कुणाला कोकरू विकताना फसवलं, रस्त्याचे खड्डे. वृंदा हं हं करत राहिली. शाळा आली. लहान मुलांच्या वर्गात बुटक्या टेबलांशी दोन माणसं यादी घेऊन बसली होती, आणि भिंतीवर कागदाची फुलपाखरं. यादीवाला गावातलाच, नोराला ओळखणारा.

“नाव?”

हे इतकं मोठ्याने विचारतील असं वृंदाला वाटलं नव्हतं. “वृंदा मोरेश्वर साबळे.”

तो बोट खाली खाली नेत राहिला. “मो-रे... सापडलं. मोठं सुंदर नाव आहे. हे मधलं तुझंच, की घरात कुणाचं होतं म्हणून ठेवलं?”

आता खोटं बोलायचं कारण नव्हतं आणि खरं बोलायला धैर्य लागत नव्हतं, साधा प्रश्न होता. “माझं नाही. वडिलांचं. आमच्याकडे मध्ये वडिलांचंच नाव असतं. कुणाची कोण ते कळायला.”

“ग्रँड,” तो म्हणाला – ‘छान, ठीक’ला इथे ग्रँड म्हणतात – आणि मताचा कागद पुढे केला.

पडद्याआड तिने उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन आकडे घातले. बाहेर आली तर नोरा तिथेच, फुलपाखरांखाली, स्वतःचा कोरा कागद हातात धरून उभी. तिच्याकडे बघत होती, पण तिला बघत नव्हती. मग तीही आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

गाडीत बसल्यावर नोराने किल्ली लावली, फिरवली नाही.

“प्रार्थनेच्या पुस्तकात मार्टिन आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“कंसात. तुझ्या मोरेश्वरसारखा.”

“हो, नोरा.”

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“मंगळवारपासून.” वृंदा म्हणाली. “मला धीर होईना.”

“मग त्याला मत नव्हतं.”

“पाच शिलिंग कमी पडले.”

“आणि घर?”

“घर त्याचंच गेलं. दुसऱ्याचं नाही.”

समोर एक बाई दोन मुलांना आणि एका ओल्या कुत्र्याला गाडीत भरत होती. नोरा ते सगळं शेवटपर्यंत बघत राहिली, जणू त्यांना निरोपच द्यायला आली होती.

“तो बोलला का नाही मग?” ती अगदी हळू म्हणाली. “मी तो नाही, म्हणून?”

“ते कुठे लिहिलेलं नाही.”

हे म्हणताना वृंदाच्या लक्षात आलं की तीन दिवस आपण ज्याला घाबरत होतो – गोष्ट लहान होईल, दगड खोटा ठरेल, नोरा मोडेल – ते आता आपल्या मनात नाहीच. मनात फक्त एक माणूस आहे, दारात उभा, तोंड उघडलेलं की मिटलेलं ते दिसत नाही. आणि मला, जिला नोंदीपलीकडे एक अक्षर मान्य नाही त्या तलाठ्याच्या लेकीला, ते मिटलेलं हवं आहे. शेजाऱ्यासाठी मिटलेलं, अगदी मनापासून हवं आहे.

“परत सांग,” नोरा म्हणाली. तिने वृंदाचा हात घट्ट धरला होता. तिची बोटं गार होती. “नाव. पूर्ण.”

वृंदाने सांगितलं. नोराने मधलं नाव ओठांवर दोनदा घोळवून पाहिलं, चुकलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग स्वतःचं म्हणाली – नोरा, आणि तिच्या बापाचं, आणि त्याच्या बापाचं, एकेक पायरी उतरावी तशी मागे मागे – आणि मार्टिनच्या अलीकडे, पॅट्रिकपाशी येऊन थांबली. वृंदा वाट बघत राहिली. तिला वाटलं, या थांबण्यात आपणही कुठेतरी उभ्या आहोत, कंसात का होईना. आणि नोराने अजून किल्ली फिरवली नाही याचं तिला बरं वाटत होतं.