मी खाली बसलोय

आमच्या ह्यांना भुताचे सिनेमे आवडतात, ही गोष्ट मुलगी बघायला आले तेव्हा कुणी सांगितली नाही. सेंट्रल गव्हर्न्मेंटची नोकरी, दिल्लीत सरकारी क्वार्टर, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही, एवढंच सांगितलं. लग्नाला पंधरा दिवस झाले नाहीत तर हा माणूस मला चित्रदीप टॉकीजला 'सत्रहवीं सीढ़ी' नावाच्या सिनेमाला घेऊन गेला. तेव्हा मला कळलं आपल्या पदरात काय पडलंय ते.

बरं, शौकीन म्हणावं तर तेही नाही. हिरो कोण, हिरॉईन कोण, सिनेमा काढला कुणी, काही म्हणजे काही पत्ता नसायचा. ह्यांना हवी असायची ती सुरुवातीची नावं आणि नावांवरचं संगीत. आधी दार करकरायचं. मग ढोलाचे तीन ठोके, धम्, धम्, धम्. मग कुणी बाई बिनशब्दांची लांबच लांब 'आऽऽ' करायची, तीन वेळा. तेवढं झालं की हे खूश. पुढे भूत आलं काय आणि न आलं काय, हे घोरायला मोकळे. "नावं चुकली तर सिनेमा बघण्यात अर्थ नाही," म्हणायचे.

त्या पहिल्या सिनेमाला आम्ही खाली बसलो होतो, पडद्यापासून चौथ्या रांगेत. तिसऱ्या 'आऽऽ'ला मी अशी किंचाळले की सगळं थिएटर हसलं, शिट्ट्या वाजल्या. मी तिथेच शपथ घेतली, पुन्हा खाली बसणार नाही. मग तीस वर्षं आमचा शिरस्ता ठरला. मी शेजारच्या बायकांबरोबर वर बाल्कनीत, आणि हे खाली. का, तर ढोल म्हणे खुर्चीच्या लाकडातून अंगात चढतो. मला वर पोचवायचे आणि जाता जाता सांगायचे, "मी खाली बसलोय हं." जसं काही मला माहीत नव्हतं! इंटरव्हलला उभे राहून वर बघून हात हलवायचे. मला मेलं लाजल्यासारखं व्हायचं. मी कधी उलट हात हलवला नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला. वर डायबेटिस आहेच. ह्यांचं वय एकोणऐंशी, माझं त्र्याहत्तर. आता मयूर विहारला सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. ह्यांच्या शर्टाच्या खिशात मी एक कार्ड घालून ठेवते, नाव आणि वृंदाचा फोन नंबर. वृंदा आमची मुलगी, नोएडाला ऑफिसात असते. माझा नंबर घातला नाही, कारण माझा फोन कायम कुठेतरी पडलेला, रिंग कळतच नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी उठल्यापासून ह्यांचं सुरू झालं, आऽऽ. टेबलावर मुठीने धम्, धम्, धम्. पुन्हा आऽऽ. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, कूलर बिघडलेला, कामवाली आली नव्हती. माझं डोकं फिरलं. "पुरे करा ते रडगाणं! घर आहे की स्मशान? नाहीतर जा कुठे जायचं ते!"

आजकाल कुणी ओरडलं की हे गप्पगार होतात. अंग चोरून बसतात, हाकेला ओ देत नाहीत. तसेच बसले. मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर दार उघडं. म्हटलं समोर राजाभाऊंकडे पेपर वाचायला गेले असतील, रोजच जातात. खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं. तेवढीच घरात शांतता.

एक वाजता जेवायला बोलवायला गेले तर राजाभाऊ म्हणाले, "वहिनी, अण्णासाहेब आज आलेच नाहीत."

मी तशीच उलट घरी आले. सकाळची गोळी ताटलीत तशीच पडलेली. पाण्याची बाटली जागेवर. वृंदाला फोन लावला. ती म्हणाली, "आई, डोंट पॅनिक. साडेअकराला बाबांचा फोन आला होता मला. सोसायटीतच होते. म्हणाले रिकामाच बसलोय."

"कुणाच्या फोनवरून?"

"कुठला तरी नंबर होता. मला वाटलं राजाभाऊकाकांचा. मी मीटिंगमध्ये होते यार आई. म्हटलं, अच्छा बाबा, बसा, आराम करा."

नंबर राजाभाऊंचा नव्हता. वृंदाने लावून बघितला, तर बंद. पण सगळ्यांनी हिशेब केला, साडेअकराला रिकामे बसले होते, म्हणजे जवळच कुणाकडे तरी टेकले असणार, लांब गेलेच नसणार. वृंदा गाडी घेऊन नोएडाहून आली. मी गोळी, पाण्याची बाटली आणि बिस्किटं पर्समध्ये टाकली. सोसायटीच्या सगळ्या जिन्यांत, गच्चीवर, पंपाच्या खोलीत, मदर डेअरीच्या दुधाच्या रांगेत, पार्कात, मंदिरात, आम्ही सगळीकडे शोधलं. राजाभाऊ ह्या वयात छत्री घेऊन मार्केटभर फिरले. वृंदा ज्याला त्याला मोबाईलवरचा फोटो दाखवत होती, "भैया, इन्हें देखा है?" लोक बिचारे बघायचे आणि मान हलवायचे.

अशी लू सुटली होती की डोळे भाजत होते. माझ्या डोक्यात एकच, ह्या उन्हात, पोटात गोळी नाही, पाण्याचा थेंब नाही, किती वेळ तग धरतील? आणि शेवटचे शब्द माझे काय, तर जा कुठे जायचं ते! पन्नास वर्षांचा संसार आणि त्याला हे शेपूट! मी फुटपाथवरच बसले आणि भोकाड पसरलं. लाज कसली आणि कुणाची. वृंदा म्हणाली, "आई प्लीज, तू रडू नको, मग मी पण रडेन." आणि रडलीच.

साडेचार वाजता पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार माणूस चांगला होता. मला आधी पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, मग लिहायला घेतलं. रंग, उंची, कपडे. मग वृंदाला म्हणाला, "आखिरी बार फोन पे क्या बोले? जो बोला, वही शब्द बताइए."

वृंदा म्हणाली, "मराठी में बोले थे. बोले, मी खाली बसलोय. सांग तिला."

"मतलब?"

"मतलब खाली बैठे हैं. फ्री."

हवालदाराने लिहिलं, खाली बैठे थे. मी ताडकन उठले. पंखा फिरत होता की माझं डोकं, कळेना.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण!"

"मी खाली बसलोय. सांग तिला."

"अगं मग मला रिकामा काय म्हणून सांगितलंस?"

"तेच ना? खाली, रिकामा. मी मराठीत सांगितलं तुला."

कपाळ माझं! एका शब्दाचा ध चा मा झाला आणि आम्ही दुपारभर मयूर विहारच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. "अगं कार्टे, खाली म्हणजे खाली! वर नाही ते खाली!"

वृंदाचा चेहरा पांढरा पडला. "खाली... म्हणजे नीचे?"

मी तिला आणखी बोलणार होते. तोंडात आलंही होतं. पण तिला मराठी बोलायची तर माझ्याशी आणि बाबांशी, तेही संध्याकाळी थकून आल्यावर. दिवसभर डोकं हिंदीत चालतं तिचं. आणि दार उघडं टाकून आंघोळीला कोण गेलं होतं? मी गिळलं सगळं.

"नीचे किधर, माताजी?" हवालदाराने विचारलं. "सोसायटी के नीचे?"

सोसायटीच्या खाली तर आम्ही चारदा बघितलं होतं. पण 'सांग तिला' म्हणाले होते. ह्या माणसाने जन्मभर मला एकाच ठिकाणाहून सांगितलंय, मी खाली बसलोय.

"वृंदा, गाडी काढ. सरोजिनी नगर. चित्रदीप."

"आई, चित्रदीप कधीच पाडलं ना? तिथे मॉल आहे."

"मला माहीत आहे मॉल आहे! चल तू!"

खरंच माहीत होतं. तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची तीस वर्षं गेली. टॉकीज पाडल्यावर एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. मला वाटलं हे रडतील. तर विचारतात काय, "पडदा कुठे ठेवला असेल गं ह्यांनी?" मयूर विहारहून मेट्रो सरळ तिथे जाते. म्हाताऱ्या माणसाला गर्दीने आत ढकललं असेल, गर्दीनेच बाहेर काढलं असेल, आणि पुढची वाट पायांना पाठ असेल. खिशातलं कार्ड बघून कुणीतरी वृंदाला फोन लावून दिला असेल. आणि आम्ही मदर डेअरीच्या रांगेत शोधतोय!

संध्याकाळचा ट्रॅफिक. एकेका सिग्नलला जीव जात होता. वृंदा स्टिअरिंगवर हात आपटत होती आणि पुन्हा पुन्हा तेच, "मी फोन कट केला आई. दहा सेकंदांत कट केला." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मॉलच्या दारात गार्ड म्हणाला, "ऐसे कोई अंकल नहीं आए." आम्ही विचारलं, नीचे काय आहे? तो म्हणाला, पार्किंग, दोन मजले.

पहिल्या मजल्यावर वृंदा धावत सुटली. "बाबाऽऽ! बाबाऽऽ!" भिंतीभिंतींवर आपटून तिची हाक चारी बाजूंनी येत होती. मी म्हटलं, "अगं ओरडू नकोस, ओरडलं की ते गप्प होतात." पण ती पार पुढे गेली होती. मी एकटीच कठडा धरून उतारावरून आणखी खाली उतरले. दुसऱ्या मजल्यावर अर्धे दिवे बंद. हवा कोंडलेली, पेट्रोलचा वास. गाड्याच गाड्या आणि माणूस एक नाही.

हाक मारायची सोय नाही. मग करू काय?

मी तिथे उभी राहिले आणि घशातून आवाज काढला. आऽऽ. जन्मभर ज्याला रडगाणं म्हटलं ते. घसा कोरडा, सूर कसला, कुत्रं विव्हळल्यासारखं झालं. एक ड्रायव्हर गाडी पुसत होता, तो बघायला लागला. बघ म्हटलं. दुसऱ्यांदा, आऽऽ. काही नाही. देवा नारायणा, एवढ्या वेळी ऐकू दे. तिसऱ्यांदा करायला गेले तर हुंदकाच फुटला, तो तसाच सोडला.

धम्. धम्. धम्.

लोखंडावर कुणीतरी मूठ आपटत होतं.

शेवटच्या खांबामागे होते. जमिनीवर मांडी घालून, एका पायात चप्पल, शर्ट घामाने भिजून वाळलेला. समोर पांढरी रंगवलेली कोरी भिंत, तिच्याकडे तोंड करून बसले होते. हाताशी पाण्याचा लोखंडी पाइप, त्याच्यावर ठोका देत होते. ओठांना भेगा पडल्या होत्या.

"अहो!" मी धप्पकन शेजारी बसले. पर्समधली बाटली तोंडाला लावली. घोट घोट करून प्यायले. गोळी दिली, बिस्किट दिलं. मी ह्यांच्या तोंडावरून पदर फिरवला. म्हटलं, जिवंत आहे माझा माणूस, आता जन्मात ओरडणार नाही, दिवसभर आऽऽ करा.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात जोडले.

"थँक यू हं, ताई. फार तहान लागली होती."

माझा पदर हातातच राहिला.

"तुम्ही मराठी दिसता. एक काम कराल का? माझी मिसेस वर बाल्कनीत बसलीये. जरा घाबरट आहे. तिसऱ्या वेळेला किंचाळते." हे हसले, अगदी तेव्हासारखे. "तिला एवढं सांगा, मी खाली बसलोय. सकाळी निरोप दिला होता, पोचला की नाही कळलं नाही. नाहीतर इंटरव्हलला शोधत बसेल."

"मीच आहे की हो," मी म्हटलं. "सुमित्रा. आले ना मी खाली."

ह्यांनी मान हलवली, समजूत घालावी तशी. "नाही हो. ती खाली कधी येत नाही."

इंटरव्हलला वर बघून हलणारा तो हात आठवला, आणि बाल्कनीत पदर सावरून दुसरीकडे बघणारी मी.

"सांगते," मी म्हटलं. "नक्की सांगते तिला."

"हां. मग ठीक आहे."

वरच्या मजल्यावरून वृंदाचा आवाज आला, रडवेला, घाबरलेला. "आई, कुठे आहेस तू? बाबा मिळाले का?"

"मी खाली बसलेय गं," मी म्हटलं. मग लक्षात येऊन पुन्हा म्हटलं, "नीचे. नीचे बैठी हूँ. हळू ये."

ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "श्श. नावं सुरू झाली."

मी त्या कोऱ्या भिंतीकडे तोंड केलं आणि गप्प बसले.