हिरव्या दोऱ्याचं बटण

बाळाच्या स्वेटरचं मधलं बटण सकाळी लोंबत होतं. हे तिला पक्कं आठवत होतं, कारण त्याने ते तोडून गिळलं तर काय, या विचाराने दिवसभर ऑफिसात तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी घरी येऊन पाहते तर बटण घट्ट बसलेलं, तेही हिरव्या दोऱ्याने. घरात हिरवा दोरा नव्हता.

"आई, हे बटण कुणी लावलं?"

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कुठलं गं?"

"हे. स्वेटरचं."

"लावलं असेल कुणीतरी. लागलं ना? मग झालं तर."

कुणीतरी! घरात मोठी माणसं तीन. नवऱ्याला सुईचं टोक कुठलं आणि नेढं कुठलं ते कळत नाही. सासूबाईंना कळतं, पण बारीक दिसत नाही. राहिली ती स्वतः.

विमा कंपनीत दाव्यांची छाननी करणं हा तिचा पेशा होता. जिन्यावरून घसरून पाय मोडला म्हणणारा माणूस तळमजल्यावर राहतो, हे ती नुसत्या पत्त्यावरून पकडायची. त्यामुळे 'कुणीतरी' तिच्या घशाखाली उतरेना.

बाळ घरी येऊन दोन महिने झाले होते. त्याआधी वर्षभर, दत्तकाचं मार्गी लागेपर्यंत, एका बाईंनी त्याला आपल्या घरी सांभाळलं होतं. त्या शिवणकाम करायच्या. बाळ ताब्यात देताना संस्थेतल्या ताई बोलता बोलता म्हणून गेल्या होत्या, "त्यांनाही हवा होता हो हा, पण त्यांचं वय नियमात बसेना." ताई बोलल्या आणि विसरल्या. हिच्या मनात मात्र ते रुतून बसलं. कोर्टाचा अंतिम आदेश अजून यायचा होता. पुढच्या आठवड्यात ताई शेवटच्या भेटीला येणार होत्या. मूल रुळलं की नाही ते पाहून त्या कोर्टाला कळवणार होत्या.

आणि मूल रुळलेलं नव्हतं. ते तिच्याजवळ झोपतच नव्हतं.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? दाराच्या बेलमध्ये कापूस कोंबला. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले. दुपारी मिक्सर बंद, टीव्ही बंद, नवऱ्याची शिंकसुद्धा बाथरूममध्ये. एवढ्या शांततेत ती बाळाला थोपटत बसायची आणि ते टक्क डोळ्यांनी तिच्याकडे पाहत राहायचं, मग ओठ काढून रडायला लागायचं. त्या डोळ्यांवरून सासूबाईंनी त्याला 'बोका' नाव ठेवलं होतं.

हे झालं सुट्टीच्या दिवशी. कामाच्या दिवशी ती परत यायची तेव्हा हाच बोका टवटवीत असायचा.

"झोपला होता?"

"मस्त."

"कसा काय?"

"कसा म्हणजे? डोळे मिटून."

बटणानंतर तिने लक्षच ठेवलं. एकदा त्याच्या मोज्याला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला, एकदा कोपरावर खडूची पांढरी रेघ. एकदा तर त्याच्या जावळाला तेलाचा वास आला, आणि तो डोक्याला लावायच्या तेलाचा नव्हता, यंत्राला घालतात त्या तेलाचा होता. आता शंका कसली? ती बाई घरी येत होती. किंवा सासूबाईच त्याला घेऊन तिच्याकडे जात होत्या. आणि ती त्याला मांडीवर घेत असेल, म्हणूनच तो हिच्या मांडीवर टिकत नसेल. भेटीच्या दिवशी ताईंसमोर त्याने त्या बाईकडे झेप घेतली म्हणजे संपलंच.

"अगं, आई आहे ती माझी, हेर नाही," नवरा म्हणाला.

"मग खरं का सांगत नाहीत?"

"तू विचारतेस कशी ते ऐकलंयस का कधी? मलाच काहीतरी कबूल करून टाकावंसं वाटतं."

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय असं सांगून ती दुपारीच ऑफिसातून निघाली. घराला कुलूप होतं. ती धावत खाली उतरली. बाळाची गाडी जिन्याखाली नव्हती. मोठा रस्ता पाहून ती मागच्या गल्लीत वळली. गल्लीच्या टोकाला, एका अरुंद दुकानाच्या पायरीशी गाडी उभी होती. रिकामी. आतून शिलाई मशीनची खडखड ऐकू येत होती.

म्हणजे बाईंनी इथे येऊन दुकानच थाटलं की काय!

ती तीरासारखी आत घुसली. "माझं बाळ कुठाय?"

मशीनवरचे म्हातारे टेलरकाका एवढे दचकले की चष्मा नाकावरून सुटून कापडावर पडला. मशीन थांबलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीला टेकून सासूबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या. बाई कुठेच नव्हत्या. आणि मशीनच्या बाजूला, कापण्याच्या टेबलाखाली, दुपटं अंथरलेल्या चिंध्यांच्या ढिगावर बोका पसरला होता. इतका गाढ झोपलेला तिने त्याला कधी पाहिलाच नव्हता.

मशीन थांबलं तशी त्याची पापणी हलली.

"आई!" ती ओरडली.

सासूबाई खाडकन जाग्या झाल्या. "अगं बाई! तू आत्ता कशी?"

"त्या कुठायत?"

"कोण त्या?"

"त्याला सांभाळणाऱ्या बाई. इथे येतात ना? तुम्ही फोन केलात ना त्यांना?"

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "मी कशाला फोन करू? माझ्याकडे नंबर तरी आहे का त्यांचा? एक दिवस रडून रडून निळा झाला होता, म्हणून गाडीतून फिरवत होते. या दुकानापाशी आलो आणि पोरगा गप्प. पुढे गेले की रडतोय, मागे आले की गप्प. मग डोक्यात प्रकाश पडला. शिवणाऱ्या बाईकडे वाढलेलं पोर. मशीन त्याच्या कानाशी वर्षभर चाललं असेल. आपण घरात पार स्मशानशांतता करून ठेवली."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, पण धूळ, सुया, परकं दुकान. तू मला जाऊ दिलं असतंस?" सासूबाईंनी पदर खांद्यावर ओढला आणि आवाज खाली आणला. "आणि तुझ्याकडे झोपत नाही, माझ्याकडे झोपतो, हे कुठल्या तोंडाने सांगू? तुझं तोंड बघवत नव्हतं गं."

"बटण मी लावलं," टेलरकाका चष्मा पुसत अपराध्यासारखे म्हणाले. "मशीनवर हिरवा दोरा होता. चुकलं का काही?"

ती काही बोलणार एवढ्यात टेबलाखालून रडं फुटलं. सासूबाई सवयीने उठल्या आणि अर्ध्यात थांबल्या. "काका, उठा जरा. हिला बसू दे."

"मला नाही येत मशीन!"

"कपडे कुठे शिवायचेत? पाय हलव."

काकांनी सुईतला दोरा काढून घेतला. ती बसली, पायडल दाबलं. चाक उलटं फिरलं, अडकलं. टेबलाखालचं रडं वाढलं. काकांनी हाताने चाक पुढे ढकललं आणि पुन्हा दाबायला सांगितलं. खड... खड-खड... मध्येच गचका, मग पुन्हा खडखड. काकांसारखी सलग नाहीच. त्या बाईंसारखी तर नसेलच, हे तिच्याही मनात आलं.

रडं थांबलं. तिने मान वाकवून खाली पाहिलं. बोका उठून बसला होता आणि तिच्या पायांकडे पाहत होता, भुवया आक्रसून. आवाज ओळखीचा आहे, पाय कुणाचे? तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही असा त्याचा चेहरा. ती नजर तिने ओळखली. रोज आरशात दिसायची.

तो रांगत जवळ आला. तिला वाटलं थांबावं, त्याला उचलून घ्यावं. "थांबू नकोस," सासूबाई कुजबुजल्या. ती थांबली नाही. त्याने तिची पोटरी बोटाने दाबून पाहिली, एकदा, पुन्हा एकदा, मग वर तिच्या तोंडाकडे बघितलं. शेवटी तिच्या स्टुलाच्या पायाला पाठ टेकून तो बसला. डोळे मात्र उघडेच.

पाय दुखायला लागले तरी ती पायडल मारत राहिली. हळूहळू त्याचं डोकं कलंडलं आणि तिच्या मांडीला टेकलं.

"आई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "जुनं मशीन मिळतं का हो कुठे?"

"बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या, "ठेका चुकतोय."